पाळीव सापाचें घर कसें असावें?

गाय, बैल, मांजर आणि कुत्रा हे आपल्या वाड्यांतले पिढीजात सोबती होत. अलीकडे तरुण मंडळींच्या मनांत एक नवाच पाहुणा शिरला आहे. तो म्हणजे साप. परदेशांतील लोक कांचेच्या सुबक पेटींत अजगराचें पिल्लूं पाळतात, तीं चित्रें मोबाइलवर पाहून आमच्या मुदखेडांतील घरींहि एका कॉलेजांत जाणाऱ्या नातवानें विचारिलें, "आजोबा, माडीवर एक पेटी करूं या का?" मुलाच्या प्रश्नास वाटेस लावणें सोपें असतें; पण उभा जन्म फळ्यासमोर गेल्यावर उत्तर दिल्यावांचून राहवत नाहीं. शिवाय हा प्रश्न आमच्या एकट्याच्या घरचा नसावा, म्हणून त्याचा विचार वाचकांपुढें मांडीत आहों.

पहिला प्रश्न पेटीचा नव्हे, सापाचा आहे. आपल्या भोंवतालचे नाग, घोणस, धामण, अजगर इत्यादि साप १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या छायेखालीं आहेत. ते पकडणें, मारणें, विकणें वा घरीं ठेवणें हा गुन्हा असून त्यास कारावासाची शिक्षा आहे. साप बिनविषारी आहे, किंवा तो आपण होऊन अंगणांत आला, ही सबब चालत नाहीं. रानांतून धरलेला पोपट पिंजऱ्यांत ठेवणें हेंहि याच कायद्यानें निषिद्ध आहे, हें पुष्कळ घरांतून ठाऊक नसतें.

राहिले परदेशी साप. पाश्चात्त्य देशांत नवशिक्याकडे बहुधा आफ्रिकेंतील बॉल पायथन असतो. वन्य प्राण्यांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणारा जो आंतरराष्ट्रीय करार १९७३ सालीं झाला, त्याच्या यादींत हा साप आहे. आपल्या कायद्यांत २०२२ सालीं दुरुस्ती होऊन ती १ एप्रिल २०२३ पासून अंमलांत आली. तीप्रमाणें अशा यादींतील जिवंत प्राणी बाळगणारानें त्याची सरकारदरबारीं नोंद केली पाहिजे. तेव्हां कागदपत्रांवांचून कोणी साप विकूं लागला, तर तो जिन्नस नसून संकट आहे असें समजावें.

आतां पेटीकडे वळूं. अमरकोशांत सापाचीं जीं नांवें दिलीं आहेत, त्यांतच या विषयाचे धडे आहेत. 'बिलेशय' म्हणजे बिळांत निजणारा. ज्यास लपावयास जागा नाहीं, तो साप भयानें अन्न टाकतो. म्हणून पेटींत एक उष्ण बाजूस व एक थंड बाजूस अशा अंगाला घट्ट बसणाऱ्या दोन ढोली हव्यात. 'पवनाशन' म्हणजे वायुभक्षण करणारा. खरें पाहतां तो वाऱ्यावर जगत नाहीं, परंतु आठवडेच्या आठवडे उपाशी राहूं शकतो, इतकाच त्याचा अर्थ. अन्न म्हणाल तर उंदीर, आणि तोहि सापाच्या मध्यभागाहून फारसा जाड नसावा. दूध हें सापाचें अन्न नव्हेच. 'चक्षुःश्रवा' म्हणजे डोळ्यांनीं ऐकणारा. त्यास बाहेरचा कान नसतो, पण जमिनीची थरथर तो अंगानें जाणतो. म्हणून पेटी दाराच्या आपटण्यापासून व मुलांच्या धांवाधांवीपासून दूर असावी.

पूर्ण वाढलेल्या बॉल पायथनास सुमारें चार फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच पेटी लागते. सापाचें रक्त स्वतः उष्णता निर्माण करीत नाहीं. तो उन्हासावलींत सरकून आपलें शरीर राखतो. म्हणून पेटीची एक बाजू ३१ ते ३३ अंश सेल्सिअस, तर दुसरी २५ ते २७ अंश असावी लागते. विजेचें उष्णतासाधन थर्मोस्टॅटवांचून वापरूं नये, आणि दिव्यास जाळी असावी. नाहीं तर जनावर भाजतें. हवेंत ओलावा साठ टक्क्यांच्या आसपास हवा. तो कमी पडला कीं कात तुकड्यातुकड्यांनीं निघते आणि डोळ्यांवरील पापुद्रा तसाच राहतो. पाण्याचें जड भांडें, वारा खेळण्यास जाळी, आणि दारास कुलूप हीं तर हवींतच. नाकाएवढी फट मिळाली तरी साप बाहेर पडतो.

हें सारें मुदखेडांत करावयाचें आहे, हें विसरतां कामा नये. परदेशच्या पुस्तकांत पेटी ऊन कशी ठेवावी याची चर्चा असते. मराठवाड्यांत मे महिन्यांत पारा ४२ अंशांवर चढतो, तेव्हां प्रश्न ती गार ठेवण्याचा असतो. माडीवरची खोली तापली आणि वीज गेली, तर कुलूपबंद पेटींतला जीव कोठें सरकेल? त्यांत आणखी एक गोष्ट. हा साप वीस वर्षांहून अधिक जगूं शकतो. हौस करणारा मुलगा शिक्षणासाठीं पुण्यास जाईल, नोकरीसाठीं आणखी दूर जाईल, आणि उंदरांचा रतीब घालण्याचें काम सोंवळ्याओंवळ्याच्या घरांत कोणाच्या पदरीं येईल, हें सुज्ञ वाचकांस सांगणें नको. ज्याची इच्छा, त्याचाच भार, हा न्याय येथें टिकत नाहीं.

आपल्या महाराष्ट्रानें सापास घर देण्याचे प्रयोग पाहिले आहेत. सांगली जिल्ह्यांतील बत्तीस शिराळ्यास नागपंचमीपूर्वीं जिवंत नाग धरून मडक्यांत ठेवीत व पूजेनंतर रानांत सोडीत. श्रद्धा मोठी खरी. पण मडकें हें कांहीं नागाचें घर नव्हे, आणि पुढें न्यायालयाच्या आदेशांनीं त्या प्रथेवर बंधनें आलीं. १९८० सालीं पुण्यांत नीलिमकुमार खैरे हे कांचेच्या खोलींत बहात्तर विषारी सापांसह बहात्तर तास राहिले. डिंवचल्यावांचून साप चावत नाहीं, हें त्यांनीं लोकांस प्रत्यक्ष दाखविलें. पुढें १९८६ सालीं कात्रजचें सर्पोद्यान उभें राहिलें. मुंबईच्या हाफकिन संस्थेनें सापाच्या विषापासून प्रतिविष लस तयार केली, आणि तेथील संशोधक पी. जे. देवरस यांचें भारतीय सापांवरील इंग्रजी पुस्तक १९६५ सालीं नॅशनल बुक ट्रस्टनें काढलें. अशा संस्थांत जाणती माणसें असतात. ज्या मुलास सापाची खरी ओढ आहे, त्यास पेटी न देतां असें पुस्तक द्यावें आणि सुटींत कात्रजला न्यावें.

आमच्या गांवाभोंवतीं फुलांचे मळे आहेत. गुलाब, झेंडूच्या वाफ्यांत धामण वावरते, ती उंदरांसाठीं. ज्या शेतांत धामण आहे, तेथें धान्याची राखण फुकट होते. आमच्या मतें सापाचें योग्य घर तो बांध, तें वारूळ आणि ती दगडांची रास हेंच होय. आपलें घर मात्र आपण राखावें: सरपण भिंतीपासून दूर रचावें, मोऱ्यांस जाळी बसवावी, धान्याच्या कणग्या झांकाव्यात, रात्रीं बत्ती घेऊनच परसांत जावें. उंदीर नसले कीं साप घरांत येत नाहीं. आलाच तर काठी न उचलतां वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावें.

हा विषय करमणुकीचा नव्हे. २००० ते २०१९ या काळांत आपल्या देशांत सर्पदंशानें सुमारें बारा लाख माणसें दगावलीं, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. दंश झाल्यास जखम चिरूं नये, आवळून दोर बांधूं नये, मांत्रिकाकडे वेळ दवडूं नये. अंगठ्या व बांगड्या काढून, दंशाचा अवयव न हालवितां, १०८ ची गाडी बोलावून रुग्णालय गांठावें. नाग, मण्यार, घोणस व फुरसें या चारींच्या विषावर एकच लस चालते. म्हणून साप मारून बरोबर नेण्याचें कारण नाहीं.

सापाविषयीं कुतूहल असणें हें भय असण्याहून केव्हांहि चांगलें. मात्र ज्यास आपण कोंडतों, त्याच्या उन्हापाण्याचें, भुकेचें आणि आयुष्याचें उत्तर आपणांस द्यावें लागतें. तें देण्याची तयारी सबंध घराची असेल, कायद्याची संमति असेल, तरच पेटीचें माप घ्यावें. नाहीं तर बांधावरच्या धामणीस दुरून पाहण्यांतहि मोठा आनंद आहे.