पक्षाघातानंतरचा हात: समजुती आणि वस्तुस्थिती

पक्षाघाताचा रुग्ण दवाखान्यातून घरी आला की भेटायला येणारा प्रत्येक जण विचारतो, "चालायला लागले का?" हाताची चौकशी सहसा कोणी करत नाही. काठीच्या आधाराने का होईना, पावलं पडू लागली की घरच्यांना हायसं वाटतं आणि हात मांडीवर पडून राहतो. मग काही महिन्यांनी अडचणी एकेक करून पुढे येतात. शर्टाची बटणं लागत नाहीत, आंघोळीला तांब्या धरवत नाही, सही जुळत नाही म्हणून बँकेतलं काम अडतं. तोवर खांदा धरलेला असतो आणि बोटं मुठीत वळलेली असतात. यातलं बरंचसं टाळता येण्यासारखं असतं, पण हाताविषयीच्या काही पक्क्या समजुती आड येतात.

"हातातली ताकद गेली, मालिश केली की येईल"

बिघाड हातात नसतो, मेंदूत असतो. गुठळीने रक्तपुरवठा अडतो किंवा रक्तवाहिनी फुटते, मेंदूचा तेवढा भाग दुखावतो आणि तिथून विरुद्ध बाजूच्या हाताला जाणारे आदेश थांबतात. हाताचे स्नायू, हाडं, सांधे जागच्या जागी शाबूत असतात. म्हणून कातडीवर काहीही चोळलं, मग ते औषधी तेल असो की अजूनही काही ठिकाणी लावलं जाणारं कबुतराचं रक्त, तरी मेंदूतल्या इजेवर त्याचा उपचार होत नाही. हलक्या हाताने तेल लावून माणसाला बरं वाटत असेल तर जरूर लावावं. शेकाच्या बाबतीत मात्र फार जपावं लागतं. अनेकांच्या त्या हाताला गरम-गार नीट कळत नाही; पिशवीने कातडी भाजली तरी रुग्ण हात मागे घेत नाही.

'मेंदूला ताकद देणाऱ्या' गोळ्यांवरही घरं बराच पैसा घालवतात. त्यांतल्या सिटिकोलिन या औषधाची २,२९८ रुग्णांवर झालेली मोठी चाचणी २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. औषध घेणारे आणि नुसती दिखाऊ गोळी घेणारे, यांच्या सुधारणेत फरक आढळला नाही. रक्तदाबाची आणि डॉक्टरांनी दिलेली रक्त पातळ करणारी औषधं वेगळी. ती दुसरा झटका टाळण्यासाठी असतात, ती आपल्या मनाने कधीही बंद करू नयेत.

"आधी हात बरा होऊ दे, मग कामाला लावू"

सगळ्यात जास्त नुकसान या समजुतीने होतं. ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे व्यवसायोपचार, नेमका उलट्या दिशेने जातो: हात कामाला लावायचा, म्हणजे तो सुधारतो. दुखावलेल्या भागाच्या आसपासचा आणि त्याच्याशी जोडलेला मेंदू काही प्रमाणात नवी जुळणी करू शकतो, पण त्यासाठी त्याला सरावाची गरज असते, आणि तो सराव खऱ्या कामाचा असावा लागतो.

रुग्ण सुरुवातीला दुबळा हात वापरून पाहतो, जमत नाही, आणि चांगल्या हाताने काम उरकतो. असं वारंवार झालं की हात न वापरण्याचीच सवय लागते. पुढे हातात थोडी हालचाल परत आली तरी ती वापरात येत नाही. एडवर्ड टाऊब या अमेरिकी शास्त्रज्ञाने ही गोष्ट आधी माकडांवरच्या प्रयोगांत ओळखली आणि तिच्यावरून माणसांसाठी उपचार बेतला: चांगल्या हातात दिवसाचा बहुतेक वेळ जाड मोजा घालायचा आणि कामं दुबळ्या हाताकडून कसून करून घ्यायची. अमेरिकेतल्या सात केंद्रांमध्ये, झटका येऊन तीन ते नऊ महिने झालेल्या २२२ रुग्णांवर याची चाचणी झाली. उपचार दोनच आठवड्यांचा होता. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा या रुग्णांचा हात जास्त सुधारला आणि ती सुधारणा वर्षभरानंतरही टिकून होती. २००६ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हा उपाय प्रत्येकासाठी नाही. मनगट आणि बोटं थोडी तरी उघडत असावी लागतात. म्हणून घरच्या घरी चांगला हात बांधून ठेवण्याचा प्रयोग करू नये.

आपल्या घरांत मात्र न वापरण्याची सवय मायेपोटी लागते. उजवा हात गेलेल्या माणसाने डाव्या हाताने जेवणं बरं दिसत नाही, म्हणून सून किंवा मुलगी घास भरवते. केस विंचरून देते, बटणं लावते. त्या सेवेबद्दल मला आदरच आहे. तरी मी म्हणेन की जेवायला अर्धा तास जास्त लागला तर लागू द्यावा, चार शितं सांडली तर सांडू द्यावीत.

थेरपिस्ट काय करतो, हे एका कामावरून पाहू. पेल्यातलं पाणी पिण्यासाठी खांदा सावरावा लागतो, कोपर पुढे न्यावं लागतं, पेल्याला हात लागण्याआधी बोटं उघडावी लागतात, मग बेताने पकड, मनगट सरळ ठेवून पेला तोंडापर्यंत आणणं आणि शेवटी तो खाली ठेवून बोटं सोडवणं. यातली कोणती पायरी अडते ते थेरपिस्ट शोधतो आणि तेवढीच सोपी करून देतो: पेला रुंद, पाणी दोन घोट, कोपर टेबलावर टेकलेलं. जमलं की अवघड करत न्यायचं. मग मटारच्या शेंगा सोलणं येतं, दोन्ही हातांनी लाटणं धरून पोळी लाटणं येतं. काम रुग्णाच्या आवडीचं आणि सवयीचं असलं की तो ते पुन्हा पुन्हा करतो, आणि त्या पुन्हा पुन्हा करण्यातच उपचार आहे. अमेरिका-कॅनडातल्या थेरपीच्या सत्रांचं निरीक्षण करून २००९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात एका सत्रात हाताचा कामाचा सराव सरासरी ३२ वेळाच झालेला दिसला. प्राण्यांवरच्या प्रयोगांत मेंदूत बदल दिसले होते ते रोजच्या शेकडो आवर्तनांनी. म्हणजे दवाखान्यातला तास पुरत नाही, उरलेला सराव घरच्या कामांतून व्हावा लागतो.

"बॉल दाबत राहा, पकड येईल"

मूठ वळणं बहुतेकांना आधी जमतं, पुष्कळदा नको तितकं. अडतं ते मूठ उघडण्यापाशी. धरलेला पेला सोडता आला नाही तर पकड काय कामाची? म्हणून दिवसभर बॉल दाबण्यापेक्षा रुमालाची घडी सोडणं, टेबलावरची वाटी बोटांच्या पाठीने ढकलणं, धरलेली वस्तू ठरल्या जागी सोडून देणं यांवर जोर हवा.

खांद्याचंही असंच. स्नायू ढिले पडल्यावर दंडाचं हाड खोबणीतून खाली सरकू शकतं. अशा वेळी रुग्णाला उठवताना तो हात ओढला किंवा काखेत हात घालून उचललं, तर खांदा दुखावतो आणि दुखऱ्या खांद्याचा हात कोणताच व्यायाम करू देत नाही. दाराला दोरी-कप्पी बांधून चांगल्या हाताने दुबळा हात वर खेचायचा व्यायाम अजून सर्रास सांगितला जातो. त्यानेही खांदेदुखी वाढते. बसताना कोपराखाली उशी द्यावी, हात लोंबता ठेवू नये.

"फिजिओथेरपी चालू आहे, मग हे कशाला?"

दोन्ही हव्यात, आणि दोघांची कामं काही ठिकाणी एकमेकांत मिसळतात. व्यवसायोपचार मात्र हालचालीबरोबर लक्ष, दृष्टी, आकलनही तपासतो. उजव्या मेंदूला इजा झालेला एखादा रुग्ण ताटातली फक्त उजवीकडची भाजी-पोळी खातो, डावीकडचं वरण त्याच्या लेखी तिथे नसतंच. तसाच स्वतःचा डावा हातही. अशा माणसाला नुसता हाताचा व्यायाम देऊन भागत नाही. ही विद्याशाखा आपल्याकडे नवीही नाही. अमेरिकेत जन्मलेल्या कमला निंबकर यांनी १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात तिचं शिक्षण सुरू केलं.

"सहा महिने झाले, आता काही होणार नाही"

सुधारणेचा वेग पहिल्या तीन महिन्यांत सर्वाधिक असतो, म्हणून तो काळ वाया घालवू नये. पण त्यानंतर दार बंद होत नाही. वर्षानंतर, काही वर्षांनंतर उपचार सुरू केलेल्यांचाही हात अधिक वापरात आल्याचे अभ्यास आहेत. हात अजिबात हलत नसेल तर आरशाचा उपाय करून पाहता येतो. दुबळा हात आरशामागे ठेवायचा आणि चांगल्या हाताचं प्रतिबिंब पाहत दोन्ही हात हलवायचा प्रयत्न करायचा. हात-पाय गमावलेल्यांच्या वेदनांसाठी व्ही. एस. रामचंद्रन यांनी वापरलेली ही युक्ती पक्षाघातातही काही प्रमाणात उपयोगी ठरली आहे.

तरीही काही हात परत येत नाहीत, आणि हे रुग्णाला स्पष्ट सांगायला हवं. तिथेही व्यवसायोपचाराचं काम संपत नाही. शर्ट घालताना दुबळ्या हाताची बाही आधी, काढताना शेवटी. ताट सरकू नये म्हणून खाली ओलं फडकं. बटणांच्या जागी वेल्क्रो, चमच्याला जाड मूठ, मोरीत धरायला दांडी. आणि पेन्शनची सही जमत नसेल तर डाव्या हाताने सही करायला शिकून बँकेत नव्या सहीचा नमुना देता येतो.