स्टिरॉइडनंतरची वर्षे

मल्टिपल स्क्लेरोसिस या आजारात शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा मेंदू, मज्जारज्जू आणि दृष्टीचा मज्जातंतू यांतील तंतूंवर असलेल्या मायलिन नावाच्या स्निग्ध आवरणावर हल्ला करते, आणि हे आवरण जिथे झिजते तिथून जाणारे संदेश मंदावतात किंवा अडतात. त्यामुळे कोणाला एका डोळ्याने अंधुक दिसू लागते, कोणाचा पाय जड होतो, तर कोणाचा लघवीवरचा ताबा सुटतो. अशी लक्षणे नव्याने उद्भवून चोवीस तासांहून अधिक टिकली आणि त्यामागे ताप किंवा जंतुसंसर्ग नसला, तर त्या अवस्थेला रिलॅप्स, म्हणजे आजाराचा झटका, म्हणतात. झटक्यावरचा रूढ उपचार म्हणजे मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड, जे बहुधा दररोज १ ग्रॅम याप्रमाणे ३ ते ५ दिवस सलाईनमधून दिले जाते. मूत्रपिंडांच्या डोक्यावर असलेल्या अधिवृक्क ग्रंथी दिवसभरात जेवढे कॉर्टिसॉल तयार करतात, त्याच्या तुलनेत या एका दिवसाच्या मात्रेची ताकद काही शेकडो पट भरते, हे ध्यानात घेतले म्हणजे तिचे पडसाद सलाईन निघाल्याबरोबर का विरत नाहीत हे समजते.

या औषधाकडून नेमकी कशाची अपेक्षा ठेवायची, याचे उत्तर १९९२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीने बरेचसे दिले. दृष्टीच्या मज्जातंतूला सूज आलेल्या ४५७ रुग्णांवरील त्या अभ्यासात शिरेतून स्टिरॉइड मिळालेल्यांची नजर लवकर सुधारली, परंतु सहा महिन्यांनंतर त्यांची दृष्टी आणि औषध न मिळालेल्यांची दृष्टी यांत फारसा फरक उरला नव्हता. शिवाय नेहमीच्या मात्रेत केवळ प्रेडनिसोलोन गटातील गोळ्या घेतलेल्यांच्या डोळ्याला पुन्हा सूज येण्याचे प्रमाण वाढलेले आढळले. म्हणजे स्टिरॉइडमुळे सुधारणा लवकर होते, आजाराची पुढची वाटचाल मात्र बदलत नाही. पुढे फ्रान्समधील एका चाचणीने २०१५ साली दाखवले, की १ ग्रॅमची मात्रा गोळ्यांच्या रूपाने दिली तरी ती सलाईनइतकीच उपयोगी पडते. त्यामुळे सुई टळते खरी, पण परिणाम मात्रेवर अवलंबून असल्याने गोळी म्हणून औषध सौम्य ठरत नाही.

उपचाराच्या दिवसांत झोप उडणे, तोंडाला धातूची चव येणे, जळजळ, रक्तातील साखर आणि रक्तदाब चढणे, अकारण उत्साह आणि मागोमाग येणारी उदासी हे अनुभव बहुतेकांच्या परिचयाचे असतात आणि ते काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत, ओसरतात. खरी अडचण उशिरा प्रकटणाऱ्या परिणामांची आहे, कारण त्यांतील बरेचसे मल्टिपल स्क्लेरोसिसच्याच लक्षणांसारखे दिसतात आणि म्हणून त्यांचे खापर मूळ आजारावर फोडले जाते.

याचे सर्वांत ठळक उदाहरण खुब्याच्या सांध्याचे आहे. स्टिरॉइडच्या मोठ्या मात्रेनंतर मांडीच्या हाडाच्या वरच्या गोलाकार टोकाचा रक्तपुरवठा खुंटून तिथले हाड मरू शकते. या विकाराला एव्हीएन म्हणतात. तो विरळा असला तरी औषधानंतर काही महिन्यांनी, कधी वर्ष-दोन वर्षांनीही, डोके वर काढतो. जांघेत दुखणे, कधी नुसता गुडघाच दुखणे आणि चालताना लंगडणे ही त्याची सुरुवातीची लक्षणे. ज्याचा पाय आधीच आखडलेला किंवा दुबळा आहे अशा रुग्णाचे लंगडणे साहजिकच आजाराच्या खाती जमा होते, मेंदूचा आणि कण्याचा एमआरआय पुन्हा काढला जातो, आणि ज्या खुब्याचा एमआरआय हवा तो राहूनच जातो. साध्या एक्स-रेमध्ये हा विकार सुरुवातीला दिसत नाही, आणि टोक ढासळल्यानंतर सांधा बदलण्यावाचून बहुधा इलाज उरत नाही. २०२१ मध्ये मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील अस्थिशल्यचिकित्सकांनी कोविडसाठी स्टिरॉइड घेतलेल्या रुग्णांमध्ये एव्हीएन आढळल्याची नोंद प्रसिद्ध केली तेव्हा हा विकार महाराष्ट्रात घरोघरी चर्चिला गेला. मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णांपुढे हा धोका मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून होता.

थकव्याची गोष्टही अशीच आहे. बाहेरून दीर्घकाळ स्टिरॉइड मिळत राहिले की अधिवृक्क ग्रंथींचे काम मंदावते आणि औषध थांबल्यावर त्यांना पूर्ववत होण्यास काही महिने लागू शकतात. पाच दिवसांच्या उपचाराने सहसा असे घडत नाही, पण त्यानंतर कित्येक आठवडे गोळ्या चालू ठेवल्या किंवा असे उपचार पुनःपुन्हा झाले तर ती शक्यता वाढते. मग जाणवणारी गळून गेल्यासारखी अवस्था, मळमळ आणि उभे राहताच येणारी चक्कर यांचा उगम सकाळी रक्तातील कॉर्टिसॉल तपासल्याशिवाय कळणे कठीण असते. दीर्घकाळ गोळ्या घेतलेल्यांच्या मांड्यांचे स्नायूही दुबळे होतात, त्यामुळे जमिनीवरून उठणे आणि जिना चढणे जड जाते; हेही चटकन आजार बळावल्याचे लक्षण समजले जाते. भिंगाच्या मागील बाजूस धरणारा मोतीबिंदू आणि डोळ्यातील दाब वाढून होणारा काचबिंदू यांना जुन्या दृष्टिदोषाच्या आड दडायला जागा मिळते. हाडांच्या ठिसूळपणाबाबत मात्र सगळा दोष स्टिरॉइडला देणे अन्यायाचे ठरेल, कारण हालचाल कमी होणे आणि ड जीवनसत्त्वाची कमतरता यांचाही त्यात मोठा वाटा असतो.

म्हणूनच कोणत्या वर्षी, किती दिवस आणि एकूण किती ग्रॅम स्टिरॉइड घेतले याची नोंद रुग्णाच्या स्वतःच्या फाइलमध्ये असणे अत्यावश्यक आहे. रुग्णालये बदलतात, डॉक्टर बदलतात आणि प्रत्येक उपचार सुटा, पहिलाच असल्यासारखा पाहिला जातो. ताप, लघवीच्या मार्गातील जंतुसंसर्ग किंवा कडक ऊन यांमुळे जुनी लक्षणे तात्पुरती उफाळून येतात, त्यांना झटका समजून सलाईन लावले जाण्याचे प्रकारही होतात. वास्तविक संसर्ग असताना स्टिरॉइड देणे अधिकच घातक. भारतात तर शरीरात सुप्त असलेला क्षयरोग जागा होण्याची धास्तीही बाळगावी लागते.

हातापायांत मुंग्या येण्यापुरता सौम्य झटका स्टिरॉइडशिवायही ओसरू शकतो, आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली वाट पाहणे हाही वैद्यकीय निर्णयच असतो. याउलट वरचेवर स्टिरॉइड लागत असेल तर झटके टाळणारा मूळ उपचार पुरा पडत नाही, किंवा तो सुरूच झालेला नाही, असा त्याचा अर्थ होतो. अशी औषधे १९९३ पासून उपलब्ध आहेत, पण त्यांतली अनेक भारतीय कुटुंबांच्या आवाक्याबाहेर राहिली, आणि स्टिरॉइड मात्र स्वस्त असून छोट्या गावातल्या दवाखान्यातही मिळते; त्यामुळे जे ओझे त्याने कधीच वाहायचे नव्हते ते त्याच्यावर येऊन पडले. कर्करोगासाठी तयार झालेले रिटुक्सिमॅब, त्याच्या भारतात बनणाऱ्या तुलनेने स्वस्त प्रतींमुळे, आता या आजारातही येथे बरेच वापरले जाते. प्रतिकारशक्ती तेही कमी करते आणि ते सुरू करण्यापूर्वी कावीळ ब तसेच क्षयरोगाच्या तपासण्या कराव्या लागतात, परंतु त्याचा रोख पुढचा झटका रोखण्यावर असतो.