कंपन्यांचें एकीकरण : खानदेशांतील अनुभव

दोन कंपन्या एक झाल्याची बातमी वर्तमानपत्रांत येते, तेव्हां तींत भागभांडवलाचे आंकडे, संचालकांचीं नांवें आणि करारावर सह्या झाल्याची तारीख यांपलीकडे बहुधा कांहीं नसतें. वाचणाराची अशी समजूत होते कीं, सह्या झाल्या म्हणजे काम संपलें. वस्तुतः काम तेथून सुरू होतें. दुसरे दिवशीं सकाळीं कारखान्याचा भोंगा वाजतो, तेव्हां दोन हिशेबपद्धति, दोन पगारश्रेणी, मालाला नांव व क्रमांक देण्याच्या दोन रीति आणि दोन प्रकारच्या सवयी एकाच छपराखालीं आलेल्या असतात. यांतील काय एक करावयाचें, काय वेगळें ठेवावयाचें, आणि हें कोणत्या क्रमानें करावयाचें, हा एकीकरणांतील खरा प्रश्न होय. त्याचें उत्तर सह्या होण्यापूर्वीं ठरलेलें असलें, तर दोन्ही पक्षांचें कल्याण होतें. तें मागाहून शोधावें लागलें, तर त्याची किंमत नोकरवर्गाला आणि गिऱ्हाइकाला मोजावी लागते.

हा प्रश्न खानदेशाला अगदींच परका नाहीं. धुळें जिल्ह्यांत पांझरा नदीच्या कांठीं फड पद्धति नांवाची पाणीवाटपाची व्यवस्था पूर्वापार चालत आली. आज ती पूर्वीइतकी सर्वत्र उरलेली नाहीं; परंतु तिची रचना समजून घेण्यासारखी आहे. नदीवर बंधारा, बंधाऱ्यापासून निघालेला पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे पाडलेले मोठमोठे भाग. अशा एकेका भागाला फड म्हणतात. एका फडांत अनेकांच्या जमिनी असतात. पण त्यांत सर्वांनीं एकच पीक घ्यावयाचें, आणि कोणत्या फडाला कोणतें पीक हें सर्वांनीं मिळून ठरवावयाचें, असा दंडक असतो. पाटाची व्यवस्था पाहण्यास पाटकरी, पिकाला पाणी देण्यास बारेकरी, राखणीस जागल्या, असे सामाईक नोकर असतात. कोणीहि मालक आपल्या हातानें पाट फोडून पाणी घेत नाहीं. येथें पाणी एक झालें, पीक एक झालें, राखण एक झाली. परंतु जमिनीची मालकी आणि शेतांतलें उत्पन्न हीं ज्याचीं त्याचींच राहिलीं. जें एकट्या-दुकट्यानें केल्यास सर्वांचें नुकसान होतें, तेवढेंच एकत्र केलें. बाकीचें मोकळें सोडलें. एकीकरणाचें पहिलें सूत्र यांतच आहे.

कंपन्या एकत्र येतात, त्याचीं कारणें मुख्यतः तीन. दुसऱ्याची बाजारपेठ हवी असते. दुसऱ्याची विद्या हवी असते. किंवा कर्जाचा भार हलका करावयाचा असतो. कारण कोणतें, यावर पुढील सारी योजना अवलंबून असते. बाजारपेठेसाठीं एकत्र आलेल्यांनीं विक्रीचें काम लवकर एक केलें पाहिजे. विद्येसाठीं एकत्र आलेल्यांना घाई करून चालत नाहीं. कारण विद्या यंत्रांपेक्षां माणसांच्या ठायीं अधिक असते, आणि तीं माणसें दुखावून निघून गेलीं तर रिकामी इमारत तेवढी पदरांत पडते. कर्जापायीं एकत्र येणारानें काय द्यावयाचें याआधीं काय द्यावयाचें नाहीं, हें ठरविलें पाहिजे. जळगांवच्या एकाच कंपनीच्या इतिहासांत विद्या व बाजारपेठ यांसाठीं झालेलें एक एकीकरण आणि कर्जासाठीं झालेलें दुसरें, अशीं दोन्ही उदाहरणें सोळा वर्षांच्या अवधींत सांपडतात.

जळगांव जिल्ह्यांतील वाकोदचे भवरलाल जैन (१९३७–२०१६) यांनीं १९६३ सालीं घासलेटच्या व्यापारापासून आरंभ केला. १९७८ मध्यें त्यांनीं पपईच्या चिकापासून पपेन तयार करण्याचा कारखाना सुरू केला. १९८० मध्यें पीव्हीसी नळांचें उत्पादन निघालें. आणि १९८६ सालीं जैन इरिगेशन सिस्टिम्स ही कंपनी स्थापन झाली. ठिबक सिंचनाची विद्या त्या काळीं इस्रायलमध्यें बरीच पुढें गेलेली होती. नआन व दान हे तेथील दोन किब्बुत्झ, म्हणजे सामुदायिक मालकीचीं शेतकरी गांवें. प्रत्येकाचा सिंचनसाहित्याचा स्वतंत्र धंदा होता. २००१ मध्यें ते दोन्ही धंदे एक होऊन नानदान ही कंपनी निघाली. २००७ मध्यें जळगांवच्या कंपनीनें तिचा निम्मा हिस्सा घेतला, आणि उरलेला निम्मा पांच वर्षांनंतर, २०१२ मध्यें, घेतला. नव्या कंपनीचें नांव नानदानजैन असें ठेवण्यांत आलें. जुनीं दोन्ही नांवें पुसलीं गेलीं नाहींत. त्यांपुढें तिसरें जोडलें गेलें.

निम्मा हिस्सा घेऊन थांबण्याची ही रीति वरवर पाहतां अर्धवट वाटते. परंतु तिच्यांत एक मोठा गुण आहे. विकणाऱ्याचें हित पुढेंहि कंपनीच्या यशांत गुंतलेलें राहतें. त्यामुळें जाणत्या माणसांना काम सोडून जाण्याचें कारण उरत नाहीं, आणि घेणाऱ्याला ती विद्या मूळच्या जाणकारांजवळ बसून शिकतां येते. तिच्यांत धोकाहि आहे. एका म्यानांत दोन तलवारी राहत नाहींत; दोघांचा वांटा सारखा असला कीं मतभेदाच्या प्रसंगीं निर्णय अडून बसतो. म्हणून अशा करारांत कोणता निर्णय कोणी घ्यावयाचा, हें आरंभींच लिहून ठेवावें लागतें, आणि सारख्या वांट्याचा काळ किती याचीहि मर्यादा ठरवावी लागते.

सिंचनाच्या धंद्यांत हिशेब एक करण्यापेक्षां माल एक करणें अवघड. पिकाच्या ओळीशीं टाकलेली नळी बहुधा १२, १६ किंवा २० मिलिमीटर व्यासाची असते. तिला ठराविक अंतरावर तोट्या बसविलेल्या असून त्यांतून तासाला दोन-चार लिटर पाणी ठिबकतें. तोटीची वाट इतकी बारीक कीं, वाळूच्या कणानेंहि ती बुजते. म्हणून मुखाशीं गाळणी लागते. नळी, जोड, तोटी, गाळणी आणि पाण्याचा दाब हीं सर्व एकमेकांना बेतलेलीं असतात. एका कारखान्याचा जोड दुसऱ्याच्या नळीला बसेलच असें नाहीं. एकत्र झालेल्या कंपनीनें खर्च वांचविण्यासाठीं दोहोंपैकीं एक प्रकार बंद केला, तर कागदावर बचत दिसते. परंतु ज्या बागेंत तो प्रकार बसविलेला आहे, तिचा मालक उघडा पडतो. यास्तव जुना माल बंद करावयाचा असला, तरी त्याचे सुटे भाग इतकीं वर्षें मिळत राहतील, असें वचन आधीं द्यावें लागतें आणि पाळावें लागतें.

काळवेळेचेंहि तसेंच आहे. रावेर-यावलकडे केळीची लागवड पावसाच्या तोंडाशीं होते, तिला मृगबाग म्हणतात. पावसाळा सरतां जी लागवड होते, ती कांदेबाग. पाण्याची सोय असलेले शेतकरी कापूसहि मेअखेरीस लावूं लागतात. या दिवसांत वखारींतील मालाचे क्रमांक बदलले, किंवा मागणी कोणत्या कचेरीकडे पाठवावयाची याविषयीं घोळ झाला, तर चार दिवसांच्या विलंबानें कोंवळीं रोपें उन्हांत करपतात, आणि त्यांचें पीक त्या वर्षीं परत येत नाहीं. कचेऱ्या, वखारी व हिशेब यांची अदलाबदल करणारांनीं आपलें वेळापत्रक केवळ आर्थिक वर्षाच्या अखेरीवरून न ठरवितां या हंगामांकडे पाहून ठरविलें पाहिजे.

नोकरवर्गाची स्थिति याहून नाजूक असते. एकीकरणाची वार्ता कानीं पडतांच प्रत्येकाच्या मनांत एकच प्रश्न येतो : माझें काय होणार? वरिष्ठ गप्प राहिले, तर उत्तर अफवा देतात. सर्वच गोष्टी पहिल्या दिवशीं ठरलेल्या नसतात, हें कामगारालाहि समजतें. जें ठरलें तें सांगावें, आणि जें ठरलें नाहीं तें कोणत्या तारखेपर्यंत ठरेल तेंहि सांगावें, इतकीच त्याची अपेक्षा असते. एका माणसाला दोन वरिष्ठ नेमून ठेवणें ही सर्वांत वाईट व्यवस्था. दोन घरचा पाहुणा उपाशी, ही म्हण येथें अक्षरशः खरी ठरते. दोघेहि त्याला काम सांगतात, आणि त्याची अडचण दोघांपैकीं कोणीच पाहत नाहीं. सारख्याच कामाला दोन निरनिराळे पगार दीर्घकाळ चालू राहिले, तर आपण जिंकलेल्या घरचे कीं हरलेल्या घरचे, असा भेद मनांत घर करून बसतो.

दुसरें उदाहरण कर्जाचें. २०१९ पासून जळगांवच्या या कंपनीवर कर्जफेडीचा मोठा ताण आला. धनकोंशीं वाटाघाटी होऊन २०२२ मध्यें कर्जाची पुनर्रचना झाली. त्याच वर्षीं जूनमध्यें परदेशांतील सिंचनाचा धंदा रिव्ह्युलिस या कंपनींत विलीन करण्याची घोषणा झाली, आणि मार्च २०२३ मध्यें तें विलीनीकरण पुरें झालें. रिव्ह्युलिसमध्यें सिंगापूर सरकारच्या मालकीच्या टेमासेक या गुंतवणूक संस्थेचा मोठा वांटा आहे. जळगांवच्या कंपनीला एकत्रित धंद्यांत सुमारें एक-पंचमांश हिस्सा मिळाला, कर्ज अडीच हजार कोटी रुपयांहून अधिक कमी झालें, आणि दोहोंमध्यें माल पुरविण्याचा दीर्घ मुदतीचा करार झाला. भारतांतील धंदा मात्र या विलीनीकरणाच्या बाहेर ठेवण्यांत आला. ज्या धंद्यासाठीं २००७ मध्यें इस्रायलमध्यें पाऊल टाकलें, तोच सोळा वर्षांनीं दुसऱ्याच्या हातीं दिला गेला. परंतु मूळ जागा हातची सुटली नाहीं. फडांतील शेतकरी पाणी सामाईक करतो, जमीन करीत नाहीं. तसाच हा प्रकार म्हणतां येईल.

रिव्ह्युलिसचा पूर्वेतिहासहि बोधप्रद आहे. जॉन डीअर या बलाढ्य अमेरिकन ट्रॅक्टर कंपनीनें २००६ ते २००८ या काळांत सिंचनाच्या तीन कंपन्या विकत घेऊन एकत्र केल्या; इस्रायलमधील प्लास्ट्रो ही त्यांपैकीं एक. परंतु २०१४ मध्यें तिनें तो सर्व धंदा विकून टाकला, आणि नव्या मालकाकडे त्याचें नांव रिव्ह्युलिस झालें. २०१७ मध्यें त्यांत ग्रीसमधील युरोड्रिप ही कंपनी मिसळली. पैसा मुबलक असला आणि शेतकऱ्याशीं पिढ्यान् पिढ्यांचा व्यवहार असला, तरी विकत घेतलेला धंदा आपल्या घरांत नांदेलच असें नाहीं, हें यावरून दिसतें.

म्हणून एकीकरण साधलें कीं नाहीं, याची परीक्षा समभागाच्या त्या दिवशींच्या भावावरून करणें उतावळेपणाचें होय. ती पुढील दोन हंगामांत होते. धुळें किंवा शिरपूरच्या विक्रेत्याला मागितलेला जोड पूर्वीप्रमाणें वेळेवर मिळतो काय. गाळणी नादुरुस्त झाली असतां पूर्वींचाच तंत्रज्ञ, किंवा त्याच्याइतकाच जाणता दुसरा, बांधावर येतो काय. दिलेली हमी नवी कंपनी आपली समजते काय. आणि कारखान्यांतले जुने कुशल कामगार अजून आपापल्या जागीं आहेत काय. या चार प्रश्नांचीं उत्तरें होकारार्थी असलीं, तर दोन कंपन्यांची एक कंपनी झाली असें म्हणावें. त्यांपैकीं एकहि नकारार्थी असलें, तर संचालकांनीं पुढील सभेंत प्रथम त्याचाच विचार करावा.