पायाखालचं जग : भाग 7 – आधी कंबर बघा

मुंगीचा फोटो दाखवून ‘ही कोणती?’ असं विचारणारा हमखास पुढे जोडतो, ‘लाल आहे, मोठी आहे आणि कडकडून चावते.’ ओळख पटवायला यातलं काहीच फारसं उपयोगाचं नाही. भारतात सव्वाआठशेहून जास्त जाती-उपजातींची नोंद आहे आणि त्यांत लालसर-तपकिरी मुंग्यांची गर्दी मोठी. आकार तर त्याहून फसवा. अंगणातल्या काळ्या मुंगळ्यांच्या एकाच बिळात बारीक डोक्याचे आणि थोराड डोक्याचे कामकरी एकत्र नांदतात. दोघांचे फोटो शेजारी ठेवले तर जाती दोन वाटाव्यात.

म्हणून जाणकार आधी कंबर बघतो.

मुंगीचं धड आणि पोट यांना जोडणाऱ्या बारीक देठावर एक किंवा दोन गाठी असतात. मुंगळ्याला एक. कोकणात आंब्याची पानं शिवून घर करणाऱ्या ओंबिलीलाही एकच. हे दोघे फॉर्मिसिनी या उपकुळातले, आणि या उपकुळाला नांगी नसते. ओंबील जबड्यानं चावते आणि चाव्यावर पोटाच्या टोकातून फॉर्मिक आम्ल सोडते. आग होते ती त्याची. देठावर दोन गाठी दिसल्या तर बहुधा मिर्मिसिनी उपकुळ.

स्वयंपाकघरातल्या दोन चिमुकल्या मुंग्यांवर ही कसोटी लावून पाहता येते. दोन्ही जेमतेम दीड-दोन मिलिमीटर, दोन्ही फिक्या. टॅपिनोमा मेलॅनोसेफॅलमचं डोकं काळपट, पोट दुधाळ. तिची एकुलती चपटी गाठ पोटाखाली दडलेली असते. मोनोमोरियम फॅरॅओनिस पिवळसर, आणि तिच्या दोन्ही गाठी स्पष्ट दिसतात. तिच्या स्पर्शिकेचे भाग बारा, त्यांतले शेवटचे तीन जाड. दुखरा डंख करणाऱ्या सोलेनॉप्सिस जेमिनाटाच्या स्पर्शिकेचे भाग मात्र दहाच आणि टोकाला जाड भाग दोन. ही मोजणी भिंगाखाली सोपी, मोबाइलच्या फोटोत बहुतेक वेळा अशक्य.

काही मुंग्या मात्र फोटोतही सहज ओळखू येतात. क्रेमॅटोगॅस्टरचा देठ पोटाच्या वरच्या बाजूला जोडलेला असतो, त्यामुळे चिडली की बदामाच्या आकाराचं पोट ती थेट डोक्यावर उचलते. पॉलिरॅकिसच्या धडावर आणि गाठीवर काटे. हार्पेग्नॅथस सॉल्टेटरचे लांबलचक जबडे आणि टपोरे डोळे एकदा पाहिले की विसरत नाहीत; ही मुंगी चक्क उड्या मारते.

आणि काही फोटोंत मुंगी नसतेच! ओंबिलीच्या आसपास वावरणारा मिर्माप्लाटा हा कोळी तिची हुबेहूब नक्कल करतो. पुढचे दोन पाय स्पर्शिकांसारखे हवेत धरतो. नराचे पुढे आलेले जबडे तर ओंबिलीनं दुसरी मुंगी तोंडात धरल्याचा भास देतात. पाय मोजावेत. आठ भरले तर तो कोळी.

1892 मध्ये वनाधिकारी आर. सी. रॉटन यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात ‘अवर अँट्स’ लिहिलं. त्यांनी गोळा केलेल्या मुंग्या स्वित्झर्लंडच्या ऑग्युस्त फोरेल यांनी तपासल्या. बिंगहॅम यांचा भारतीय मुंग्यांवरचा खंड आला 1903 मध्ये. या मंडळींच्या हातात मेलेली मुंगी असे, ती हवी तशी उलटीपालटी करता येई. फोटोला ती सोय नाही. त्यामुळे ‘अँटवेब’ हा कॅलिफोर्नियातला संग्रह प्रत्येक नमुन्याचे ठरलेले तीन कोन टिपतो: समोरून डोकं, बाजूनं पूर्ण अंग, आणि वरून.

वाचकांनीही हाच क्रम ठेवावा. एकच फोटो जमणार असेल तर बाजूचा काढावा, कंबर त्यातच दिसते. सोबत ठिकाण, अंदाजे लांबी आणि मुंगी झाडावर होती की जमिनीवर, हे लिहून ठेवावं. इतकं करूनही उत्तर पुष्कळदा प्रजातीच्या नावापाशी, म्हणजे ‘क्रेमॅटोगॅस्टरपैकी कुणीतरी’ इथवरच पोचेल. तेवढंच लिहावं, पुढचं नाव अंदाजानं जोडू नये.