पाठीवरचे बिऱ्हाड

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, ही म्हण आपल्याकडे बहुधा एका जागी न टिकणाऱ्या माणसास उद्देशून वापरतात. परंतु दोन दिवसांचा संसार पाठीवर घेऊन मुद्दाम अरण्यात हिंडावयास जाणे, हा अमेरिकेतील एक जुना आणि लोकप्रिय छंद होय. इंदूर, बडोदे, बेळगाव येथील कितीतरी घरांतील मुलेमुली आज शिक्षणासाठी वा नोकरीसाठी बॉस्टनच्या बाजूस असतात. चार दिवसांची सुटी मिळाली की त्यांतील काही न्यू हॅम्पशायरमधील ‘व्हाइट मौंटन’ राष्ट्रीय वनाकडे वळतात. सह्याद्रीतील गड पायाखाली घातलेल्या तरुणास तेथील डोंगर कागदावर किरकोळ दिसतात. कळसूबाई सुमारे 5,400 फूट. मग 4,000 फुटांच्या शिखराची ती काय मातबरी? हा हिशेब मात्र तेथे चुकतो.

प्रथम ‘राष्ट्रीय वन’ म्हणजे काय ते पाहावे. अमेरिकेतील राष्ट्रीय उद्यान आणि राष्ट्रीय वन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उद्यान हे जतन करण्यासाठी असते. वन हे शेतकी खात्याच्या अखत्यारीत असून तेथे लाकूडतोडीपासून शिकारीपर्यंत अनेक कामांना नियमाने मुभा असते. विसाव्या शतकाच्या आरंभी या डोंगरांवरील झाडे बेसुमार तोडली गेली, वणवे लागले, नद्यांना पूर येऊ लागले. तेव्हा 1911 साली ‘वीक्स कायदा’ होऊन सरकारला खाजगी जमिनी विकत घेता आल्या, आणि 1918 साली हे वन स्थापन झाले. आज त्याचा विस्तार सुमारे 8 लाख एकर आहे. येथे रानात मुक्काम करण्यास परवाना लागत नाही. ही मोकळीक मोठी आहे आणि जबाबदारीही तितकीच मोठी आहे. कारण पायथ्याला गाव नाही, भाकरी-पिठल्याची सोय करणारे घर नाही आणि वाट पुसावी असा गुराखीही भेटत नाही.

पहिल्या खेपेस वाट साधी निवडावी. लिंकन गावाजवळील ‘लिंकन वुड्स’ येथून निघून फ्रँकोनिया ओढ्याच्या काठाने ‘थर्टीन फॉल्स’ या तळापर्यंत जाणारी वाट त्या दृष्टीने चांगली. अंतर एका बाजूने सुमारे 8 मैल, चढ हजारएक फुटांचा. जुन्या काळी लाकडे वाहणाऱ्या आगगाडीचे रूळ ज्या बांधावरून जात, त्याच बांधावरून पुष्कळशी वाट जाते, म्हणून ती सपाट आहे. तेथील वाटाडी पुस्तके मैलामागे अर्धा तास व हजार फुटांच्या चढामागे आणखी अर्धा तास धरतात. त्या हिशेबाने साडेचार तास होतात. पाठीवर ओझे असलेल्या नवख्याने सहा धरावेत. ऑक्टोबरच्या मध्यास तेथे सायंकाळी 6 च्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा सकाळी 11 नंतर निघणे शहाणपणाचे नव्हे.

आता मुख्य मुद्दा कपड्यांचा. आपल्याकडे पावसाळ्यात सुती सदरा भिजला तर तो अंगावर वाळतो आणि कोणाचे फारसे बिघडत नाही. त्या डोंगरांत हीच सवय प्राणावर बेतू शकते. 44 अक्षांशावरील या भागात साडेचार हजार फुटांच्या आसपास झाडे खुरटतात व वर उघडा खडक उरतो. त्यातीलच 6,288 फुटांच्या माउंट वॉशिंग्टनवर 12 एप्रिल 1934 रोजी वाऱ्याचा वेग ताशी 231 मैल मोजला गेला होता. तो जागतिक उच्चांक 1996 साली ऑस्ट्रेलियातील बॅरो बेटावर मोडला. त्या शिखरावर वर्षातील प्रत्येक महिन्यात बर्फ पडल्याची नोंद आहे. ओला सुती कपडा अंगातील ऊब शोषून घेतो, वारा उरलेली नेतो, आणि हवा गोठणबिंदूच्या बरीच वर असतानाही शरीराचे तापमान घसरू लागते. प्रथम हुडहुडी भरते, मग जीभ अडखळते, पाय लटपटतात, माणूस असंबद्ध बोलू लागतो. हुडहुडी आपोआप थांबली तर बरे वाटले असे समजू नये. ते अधिक वाईट लक्षण होय. अशा वेळी ओले कपडे उतरवून कोरडे घालावेत, स्लीपिंग बॅगमध्ये गुंडाळावे, शुद्धीवर असल्यास गोड व गरम पेय द्यावे आणि पुढचा प्रवास रद्द करावा. म्हणून अंगालगत लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा कपडा, वर उबदार कपडा, त्यावर पाऊस व वारा अडवणारे जाकीट, आणि झोपण्यासाठीचा एक जोड पिशवीत बांधून कटाक्षाने कोरडा ठेवावा.

ओझे शरीराच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या फार वर जाऊ देऊ नये. तंबू दोघांत वाटून घ्यावा. पाणी वाटेत मुबलक आहे, पण स्वच्छ दिसले तरी त्यात पोट बिघडवणारे जंतू असतात. एक मिनिट खळखळून उकळावे किंवा गाळणी वापरावी. जेवणासाठी महागडी डबाबंद पाकिटे घेण्याचे कारण नाही. भाजलेला रवा, पातळ पोहे, मेतकूट, चिक्की, गूळ-शेंगदाणे यांहून हलके व पोटभरीचे अन्न दुकानात क्वचितच मिळेल.

या अन्नाच्या वासाने अस्वल येते, ही गोष्ट मात्र थट्टेवारी नेऊ नये. तेथील काळे अस्वल सहसा माणसाच्या वाटेस जात नाही. पण एकदा आयते खाद्य मिळाले की ते पुन्हा पुन्हा तळावर येते आणि अखेर बंदुकीच्या गोळीस बळी पडते. तंबूत खाण्याची वस्तू, साबण, दंतमंजन काहीही ठेवू नये. थर्टीन फॉल्सला अन्न ठेवण्यासाठी लोखंडी पेटी आहे. अन्यत्र मुक्काम असल्यास वनखात्याच्या कार्यालयातून अस्वलाला न उघडणारा डबा उसना घेता येतो. शौचास पाण्यापासून व वाटेपासून 200 फूट दूर जाऊन सहा ते आठ इंच खड्डा खणावा व तो बुजवावा.

मोबाइलचा भरवसा धरू नये. त्या खोऱ्यात तो बहुधा मुका असतो. कागदी नकाशा, होकायंत्र आणि डोक्याला बांधायची विजेरी प्रत्येकाकडे स्वतंत्र हवी. घरी राहणाऱ्या एका विश्वासू माणसाकडे वाट, मुक्काम, परतण्याची वेळ आणि गाडी कोठे उभी आहे हे लिहून द्यावे. ठरल्या वेळेनंतर किती तास थांबून पोलिसांना कळवावयाचे तेही त्यातच लिहावे. निष्काळजीपणाने संकटात सापडलेल्या प्रवाशाकडून त्या राज्याचे शिकार व मत्स्य खाते शोधाचा खर्च वसूल करू शकते.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी हवामानाचा अंदाज पुन्हा पाहावा. जोराचा पाऊस सांगितला असेल तर बेत पुढे ढकलावा, कारण ओढे काही तासांतच फुगतात. वाटेत असताना पाणी वाढले, तर ते ओसरेपर्यंत अलीकडच्या काठावर तंबू ठोकून बसावे. त्यासाठी एका जेवणाचा शिधा जास्त नेलेला असावा.