गुणांचा भाव आणि महाविद्यालयाचे मोल

वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यात गिरडची टेकडी आहे. तेथील शेख फरीद बाबांच्या दर्ग्याची आख्यायिका त्या परिसरातील व्यापारी घरांना परिचित आहे. दोन फिरत्या व्यापाऱ्यांनी बाबांची थट्टा केली आणि त्यांच्या गोण्यांतील सारा माल दगड झाला, असे सांगतात. टेकडीवर सापडणारे गोलसर दगड म्हणजे तोच माल, अशी लोकांची श्रद्धा. भूगर्भशास्त्र त्यांना झिओलाइटचे गोळे म्हणते. दिसायला जिन्नस, हाती घेतला तर दगड.

‘नीट’चा निकाल लागल्यावर आपल्या घरांतून जो हिशेब मांडला जातो, तो पाहताना ही टेकडी आठवते. वडील गतवर्षीच्या कटऑफची यादी आणतात, सर्वांत चढ्या गुणांचे महाविद्यालय वर, उतरत्या गुणांचे खाली असा क्रम लावतात आणि तोच पसंतीक्रम म्हणून भरतात. गिरडच्या दुकानात बसून सरकी घेताना जो मनुष्य नमुना हाताळल्याशिवाय सौदा करीत नाही, तोच मनुष्य मुलीच्या साडेपाच वर्षांचा सौदा केवळ एका आकड्यावर करतो.

कटऑफ म्हणजे काय? त्या महाविद्यालयात, त्या प्रवर्गात, त्या फेरीत शेवटी प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्याचे गुण. तो मागणीचा भाव आहे, मालाची प्रत नव्हे. शासकीय महाविद्यालयाचा कटऑफ खासगीपेक्षा सहसा चढा असतो, त्याचे पहिले कारण शुल्क. काही अभिमत विद्यापीठांत वर्षाचे शुल्क वीस लाखांच्याही पुढे जाते. तेथे गुण उतरतात ते पालकांची ऐपत संपते म्हणून. शहर, वसतिगृह, नावाचा दबदबा यांनीही भाव चढतो. रुग्णशय्येजवळ विद्यार्थ्याला किती शिकवले जाते, हे त्या आकड्यात कोठेच उमटत नाही.

शिवाय हा भाव दरवर्षी पालटतो. २०२४च्या पहिल्या निकालात ६७ विद्यार्थ्यांना ७२० पैकी ७२० गुण होते. न्यायालयीन वादानंतर सुधारित निकालात ते १७ राहिले. २०२५मध्ये पेपर इतका कठीण निघाला की देशात पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याचे गुण ६८६ होते. त्या वर्षी सहाशेच्या वर गेलेले विद्यार्थी दीड हजारही नव्हते. आदल्या वर्षी ते पन्नास हजारांहून कितीतरी अधिक होते. म्हणून आदल्या वर्षीच्या गुणांशी यंदाचे गुण ताडून पाहणे व्यर्थ आहे. तुलना करायचीच तर गुणानुक्रमाची करावी. विदर्भातील पालकांनी आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. प्रादेशिक ७०:३० सूत्र २०२०मध्ये रद्द झाले. त्यापूर्वीचे आकडे सांगून धीर देणारे नातेवाईक अजूनही भेटतात.

गिरडच्याच जिल्ह्यात सेवाग्राम आहे. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९मध्ये, डॉ. सुशीला नय्यर यांनी तेथे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू केली. पुढे या संस्थेची स्वतःची प्रवेश परीक्षा असे आणि तीत भौतिक, रसायन, जीवशास्त्राबरोबर गांधीविचारांची एक स्वतंत्र उत्तरपत्रिका असे. डॉक्टर होऊ पाहणाऱ्याला बापूंचे चरित्र वाचावे लागे. काही जण ते केवळ गुणांसाठी पाठ करीत असतीलही. पण आपण काय विचारतो यावरून संस्था आपल्याला कोण हवे ते सांगत होती. देशभर एकच ‘नीट’ आल्यावर तो प्रश्न विचारण्याची सोय राहिली नाही. एकाच परीक्षेने विद्यार्थ्यांची धावाधाव आणि कित्येक गैरप्रकार थांबवले, हे मान्यच करावे लागेल. तरी काही हरवले ते हरवलेच.

प्रवेशानंतरची रीत मात्र तेथे निराळी आहे. नव्या विद्यार्थ्यांचे पहिले दिवस आश्रमाच्या सान्निध्यात जातात, खादी वापरावी लागते, श्रमदान आणि सर्वधर्मप्रार्थना असते, मांसाहार व मद्य वर्ज्य असते. प्रत्येक तुकडी एक खेडे दत्तक घेते, तेथे शिबिर करते आणि कुटुंबांच्या आरोग्याची विचारपूस करते. आपल्या समाजातील विद्यार्थ्याला हे वातावरण परके वाटू नये. मात्र शाकाहार म्हणजे कंदमूळवर्जित आहार नव्हे, आणि रुग्णालयातील कामाचे वेळापत्रक सूर्यास्त पाहत नाही. चौविहार पाळणाऱ्या मुलीने आणि तिच्या आईने हे आधीच जाऊन विचारावे, पहिल्या आठवड्यात रडत फोन येण्यापूर्वी.

महाविद्यालय पाहायला जाल तेव्हा इमारतीपेक्षा बाह्यरुग्ण विभागाची सकाळची रांग पाहा. खाटा भरलेल्या आहेत काय, तिसऱ्या वर्षाचे विद्यार्थी वॉर्डात आहेत की ग्रंथालयात, हे अर्ध्या दिवसात कळते. शासकीय महाविद्यालय निवडणार असाल तर एमबीबीएसनंतरच्या एक वर्षाच्या बंधपत्रित सेवेची अट वाचा. जैन समाजाला २०१४मध्ये राष्ट्रीय स्तरावर अल्पसंख्याक दर्जा मिळाला. पण राखीव जागा जैन अल्पसंख्याक दर्जा असलेल्या संस्थेतच मिळतात, सर्वत्र नाही. प्रमाणपत्र काढून निश्चिंत बसलेल्या पालकांचा येथेच भ्रमनिरास होतो.

राहिला पसंतीक्रम. प्रवेश फेरीत गुणानुक्रमाने विद्यार्थ्याची पाळी येते आणि त्याच्या यादीतील वरून जे पहिले महाविद्यालय उपलब्ध असेल ते त्याला मिळते. कटऑफ कमी असलेले, पण मनापासून हवे असलेले महाविद्यालय वर लिहिल्याने गुण वाया जात नाहीत. न मिळण्याजोगे वर लिहिल्यानेही खालचे हातचे जात नाही. तोटा एकाच प्रकारे होतो: जेथे जायचेच नाही, किंवा जेथील शुल्क पेलणार नाही, ते नाव यादीत घातले आणि नेमके तेच मिळाले. म्हणून अर्ज भरण्याच्या आदल्या संध्याकाळी वडिलांनी यादी स्वतः न लिहिता मुलीच्या हाती कोरा कागद द्यावा, आणि शुल्काचा खरा आकडा तेवढा तिला सांगावा.