सोनं नाही, तरी सोनेरी!

नवव्या शतकात इराकमधल्या कुंभारांनी एक अफलातून करामत केली. मातीच्या वाडग्यांवर त्यांनी अशी नक्षी काढली, की बघणाऱ्याला वाटावं, सोन्याचा मुलामाच दिलाय! आणि गंमत म्हणजे, त्यात सोन्याचा कणसुद्धा नव्हता.

लोणच्याच्या चिनीमातीच्या बरणीवर गुळगुळीत थर असतो ना, त्याला झिलई म्हणतात. ती असते चक्क काच, भट्टीत वितळून भांड्याला चिकटलेली. हे कुंभार झिलईत कथिलाचं भस्म घालून ती पांढरीशुभ्र करत. खरी जादू त्यानंतरची.

ती कशी करायची, हे इराणातल्या काशान गावच्या अबुल कासिमने 1301 साली लिहून ठेवलंय. स्वारी कुंभारांच्याच घराण्यातली! भाजलेलं तांबं, थोडी चांदी आणि काही खनिजं दळून द्राक्षाच्या रसात किंवा व्हिनेगरमध्ये कालवायची. त्याने झिलईवर नक्षी काढायची आणि भांडं पुन्हा भट्टीत ठेवून तीन दिवस हलका धूर द्यायचा. मग थंड झालेलं भांडं ओल्या मातीने घासायचं, की सोनेरी रंग वर येतो.

पण धूर कशाला? तांबं आणि चांदी तापलेल्या झिलईत शिरतात. भट्टीत धूर कोंडला की ऑक्सिजनची टंचाई होते आणि तिथेच शुद्ध धातूचे कण तयार होतात. कण केवढे? आपल्या केसाच्या जाडीपेक्षा हजारो पटींनी बारीक! चांदी जास्त असेल तर रंग पिवळसर, तांबं जास्त असेल तर लालसर. धूर कमी पडला तर रंग नाही, जास्त झाला तर सगळं काळं. मोजायला कुठलंही यंत्र नसताना हे अचूक साधायचं म्हणजे, माझ्या मते, वाडगा घडवण्यापेक्षा कितीतरी अवघड काम.

आता एक कोडं. चांदीचे पैंजण काही महिन्यांत काळे पडतात. मग या नक्षीतली चांदी हजार वर्षं कशी टिकली?

याचं उत्तर शोधायला एक यंत्र कामी आलं. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयाच्या तळघरातलं हे यंत्र कणांना प्रचंड वेग देतं. त्यातून सुटलेले अतिसूक्ष्म कण भांड्यावर आदळतात आणि त्यातले काही उसळून परत येतात. जेवढ्या खोलवरून परतले, तेवढी त्यांची ऊर्जा घटलेली असते. त्यावरून शास्त्रज्ञ थरांची जाडी काढतात. भांड्याला ओरखडासुद्धा पडत नाही!

अशा तपासण्यांतून कळलं, की चांदी पृष्ठभागावर नाहीच. तिच्यावर काचेचा अगदी पातळ पापुद्रा आहे, म्हणून हवेचा तिला स्पर्शच होत नाही.